घरच्या संगणकाचा कारभारी कोण? भुसावळच्या एका दुरुस्ती-सेवेचा अनुभव

यंदाच्या उन्हाळ्यात मी सावद्याच्या घरासाठी एक वापरलेला डेस्कटॉप संगणक घेतला. कोणत्या तरी मोठ्या कंपनीच्या कार्यालयातून एकगठ्ठा निघालेल्या यंत्रांपैकी तो एक होता. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी होती, विंडोज १० ची प्रो आवृत्ती आधीच टाकलेली होती, आणि केळीच्या गाड्यांचा हिशेब, बँकेचे व्यवहार, पीकविम्याची कागदपत्रे व धाकट्या मुलीचा अभ्यास एवढ्या कामांना तो पुरून उरणारा होता. पंधरा दिवसांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर लाल फुली दिसली म्हणून आत जाऊन पाहिले, तर फायरवॉल, म्हणजे बाहेरून न बोलावता येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजची राखण, बंद होती आणि ती सुरू करण्याचे बटण राखाडी, दाबले तरी न दबणारे होते. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा की, तुमच्या सुरक्षेसाठी काही सेटिंग्ज तुमच्या सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहेत. आमच्या घराचा कारभार माझी आई पाहते, आणि तिने संगणकाला आजवर हात लावलेला नाही.

आधी घरचे उपाय झाले. सुट्टीवर आलेल्या भाच्याने कंट्रोल पॅनेलमधून ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ करून पाहिले, मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून फायरवॉल मूळपदावर आणण्याची नेटशेलची (नेटवर्कच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या विंडोजच्या साधनाची) आज्ञा दिली. संगणकाने ‘ओके’ असे उत्तरही दिले, पण बटण होते तसेच राखाडी राहिले. त्यानंतर त्याने एका क्लिकमध्ये सगळे दुरुस्त करून देण्याचे आश्वासन देणारा एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला, तो मात्र मी चालवू दिला नाही. दार उघडे आहे म्हणून वाटेवरच्या अनोळखी माणसाला राखण बसायला सांगावे, तसा तो प्रकार मला वाटला.

ज्याच्याकडून यंत्र घेतले त्या विक्रेत्याने फोनवर सांगितले की फायरवॉल बंदच असू द्या, संगणक वेगाने चालतो. दुसऱ्या एका दुकानदाराने यंत्र न पाहताच ‘फॉर्मॅट मारावा लागेल, आठशे रुपये’ असे सांगून टाकले. फॉर्मॅट हा उपाय चुकीचा नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आले. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले असते तर बहुधा हे कुलूपही गेले असते. पण तोवर दोन हंगामांचे हिशेब, जुन्या फाँटमधली पत्रे आणि प्रिंटरची जुळवाजुळव त्या यंत्रावर येऊन बसली होती, आणि कारण न कळता सगळे पुसून टाकणे मला पटत नव्हते. अशा वेळी फैजपूरच्या एका स्नेह्याने भुसावळच्या या तंत्रज्ञाचा नंबर दिला.

दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण त्याने स्वतःच तशी विनंती केली आहे. एकटा माणूस आहे, रेल्वे वसाहतीपासून यावल-रावेरपर्यंत मोटारसायकलवर फिरतो, आणि आहे तेवढेच काम त्याला उरकत नाही. तेव्हा वाचणाऱ्याने हा मजकूर जाहिरात न समजता, अशा कामासाठी कोणालाही घरी बोलावताना काय पाहावे आणि काय विचारावे, याची एक नोंद समजावी.

तो आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि अंगणात उभे राहवत नव्हते. पाणी पिऊन झाल्यावर त्याने संगणक सुरू करण्याआधी खरेदीची पावती मागितली. मला जरा रागच आला. त्याने शांतपणे सांगितले, ‘नाना, हे यंत्र अजून कंपनीच्या नावावर बांधलेलं असेल तर मी हात लावणार नाही. मग ते ज्यानं विकलं त्याच्याकडंच परत न्यावं लागेल.’ हा मुद्दा मला तोवर कोणीच सांगितला नव्हता. कंपन्या आपल्या यंत्रांची नोंद दूरच्या व्यवस्थापन-सेवेत करून ठेवतात, आणि ती नोंद विकताना काढली नसेल तर संगणक पुसून नव्याने उभा केला तरी इंटरनेट मिळताच तो पुन्हा जुन्या मालकाचे नाव सांगू लागतो. अशा यंत्राचे कुलूप बळाने तोडणे हे दुरुस्तीचे काम नव्हे, आणि तसे करून देणारा माणूस सापडला तर त्याला घरात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पावती पाहिल्यावर त्याने जी तपासणी केली, तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो आहे. सेटिंग्जमधल्या खात्यांच्या विभागात ‘वर्क ऑर स्कूल’ या नावाखाली एखादे कार्यालयीन खाते जोडलेले आहे का, हे त्याने पाहिले. तिथे काही नव्हते. मग एक आज्ञा देऊन त्याने यंत्र कोणत्या डोमेनला (एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या कार्यालयीन जाळ्याला) किंवा कंपनीच्या क्लाउड-खात्याला जोडलेले आहे का, हे काढले. दोन्ही ठिकाणी ‘नो’ असे उत्तर आले. संगणकाचे नाव मात्र अजून कार्यालयीनच होते, चार अक्षरे आणि पुढे मालमत्ता-क्रमांकासारखे आकडे. म्हणजे जुना मालक घर सोडून गेला होता, फक्त दारावरची पाटी राहिली होती.

त्यानंतर त्याने सर्व्हिसेसची, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामांची, यादी उघडली. विंडोजची फायरवॉल स्वतःच्या सर्व्हिसवर चालते आणि ती सर्व्हिस ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ नावाच्या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून असते. काही घातक प्रोग्राम या दोन्ही सर्व्हिस बंद पाडतात किंवा यादीतून नाहीशा करतात, आणि तसे झाले तर फायरवॉल कोणत्याही बटणाने उठत नाही. आमच्या यंत्रावर दोन्ही चालू होत्या. कोणत्या अँटिव्हायरसने फायरवॉलचे काम स्वतःकडे घेतले आहे का, हेही त्याने ‘सिक्युरिटी प्रोव्हायडर्स’च्या पानावर पाहिले, कारण तसे असेल तर विंडोजची फायरवॉल बाजूला होते आणि त्यात काही बिघाड नसतो. तिथे कोणाचे नाव नव्हते. तरीही घातक प्रोग्राम धोरणांच्या (यंत्राने कसे वागावे याच्या हुकमांच्या) जागी नोंदी लिहून फायरवॉल बंद ठेवू शकतो, म्हणून त्याने डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी लावली. या तपासणीत संगणक बंद होऊन वेगळ्या वातावरणात सुरू होतो, त्यामुळे विंडोज चालू असताना लपून बसणारे प्रोग्रामही सापडू शकतात. तिला साधारण १५ मिनिटे लागतात. आमच्याकडे मधेच वीज गेल्याने आणि यूपीएसने जेमतेम साथ दिल्याने तेवढा वेळ सगळेच श्वास रोखून बसले होते. निकाल स्वच्छ आला.

उरली ती ग्रुप पॉलिसी, म्हणजे अशी धोरणे ठरवण्याची विंडोजची व्यवस्था, आणि सगळ्यात मौजेचा भाग इथेच होता. प्रो आवृत्तीत धोरणे पाहण्यासाठी ग्रुप पॉलिसी एडिटर असतो (होम आवृत्तीत तो नसतो). त्यात ‘नेटवर्क कनेक्शन्स’ आणि त्याखाली ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल’ या ठिकाणी जाऊन त्याने ‘प्रोटेक्ट ऑल नेटवर्क कनेक्शन्स’ ही ओळ दाखवली. तिच्यापुढे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असे होते. म्हणजे एडिटरच्या म्हणण्याप्रमाणे कोणी काही ठरवलेलेच नव्हते आणि तरीही बटण कोणाच्या तरी हुकमाने बंद होते. माझा भाचा नेमका इथपर्यंत पोहोचून परतला असता. तंत्रज्ञाने रजिस्ट्री (विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज ठेवते ते दप्तर) उघडली, लोकल मशीनच्या शाखेतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून पॉलिसीजमध्ये आणि तिथून मायक्रोसॉफ्टच्या कप्प्यात गेला, आणि तिथे ‘विंडोजफायरवॉल’ नावाचा कप्पा सापडला. त्यातल्या डोमेन प्रोफाइल (कार्यालयाच्या जाळ्यावरचे नियम) आणि स्टँडर्ड प्रोफाइल (इतर जाळ्यांवरचे नियम) या दोन्ही जागी ‘एनेबलफायरवॉल’ या नोंदीचे मूल्य ०, म्हणजे ‘बंद’, होते.

त्याने दिलेला खुलासा मला पटला तो असा. मोठ्या कंपन्या स्वतःचे सुरक्षा-सॉफ्टवेअर सगळ्या यंत्रांवर टाकतात, त्यात फायरवॉलही असते, आणि दोन फायरवॉल एकमेकींच्या पायात येऊ नयेत म्हणून विंडोजची फायरवॉल मुख्य सर्व्हरवरून हुकूम देऊन बंद ठेवतात. यंत्र विकायला काढताना कंपनीचे सॉफ्टवेअर काढले गेले, डोमेनचे नातेही तोडले गेले, पण हुकमाची रजिस्ट्रीतली प्रत तशीच राहिली, कारण ती मागे घेणारा सर्व्हर आता यंत्राला दिसतच नव्हता. एडिटर फक्त याच यंत्रावर लिहिलेली धोरणे दाखवतो, वरून आलेल्या जुन्या हुकमाची त्याला खबर नसते. आणि नेटशेलची आज्ञा ‘ओके’ म्हणूनही काही बदलले नाही ते एवढ्यासाठी, की ती फक्त घरातल्या सेटिंग्ज मूळपदावर आणते. धोरणाचा शब्द तिच्या वरचा असतो. सरंजाम गेला, जहागिरदार गेला, आणि दप्तरातल्या एका जुन्या सनदेवर सारा वसूल होत राहिला, असा तो प्रकार होता.

पुढचे काम पाच मिनिटांचे होते, पण त्यातही त्याची शिस्त दिसली. आधी रिस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास परत येण्याची खूण) केला, मग रजिस्ट्रीतला तेवढाच कप्पा निर्यात करून माझ्या पेनड्राइव्हवर ठेवला, फायरवॉलचे चालू नियमही एका फाइलमध्ये उतरवून घेतले, आणि मगच तो एक कप्पा पुसला. शेजारचे, वरचे, खालचे काही पुसले नाही. पॉलिसीजचा सगळाच कप्पा उडवून द्यावा असे सुचवणारे लोक पुष्कळ असतात. त्यात अद्यतनांची, ब्राउझरची आणि इतर अनेक धोरणे राहू शकतात, तेव्हा काय उडवतो आहोत हे न पाहता तसे करणे बरे नाही. धोरणे ताजी करण्याची आज्ञा देऊन त्याने यंत्र पुन्हा सुरू केले, आणि राखाडी बटण काळे झाले. ते मी माझ्या हाताने दाबले.

फायरवॉल बंद राहिल्याने नेमके किती बिघडले होते, हे मी त्याला विचारले, आणि या उत्तरासाठी मी त्याला जास्तीचे गुण देतो, कारण घाबरवून पैसे काढण्याची ती उत्तम संधी होती. त्याने सांगितले की घरच्या फायबरच्या राउटरमागे असताना बाहेरचा कोणी सहसा सरळ यंत्रापर्यंत येत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत घर लुटले गेले असे समजू नये. पण राउटरच्या आतल्या बाजूने येणाऱ्याला अडवायला कोणी नसते: मुलांचे मोबाइल, पाहुण्यांचे लॅपटॉप, फाइल-शेअरिंग उघडे असलेला दुसरा संगणक. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा हल्ला फाइल-शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरूनच (नेटवर्कसाठीच्या क्रमांकित दारावरूनच) एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरत गेला होता, आणि ती त्रुटी बुजवणारे अद्यतन त्याच वर्षीच्या मार्चमध्ये येऊनही अनेकांनी ते घेतलेले नव्हते. फायरवॉल म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, एवढे मी त्यावरून समजलो. आतला माणूस बाहेर जाताना ती सहसा विचारत नाही, बाहेरून न बोलावता येणाऱ्याला मात्र थांबवते. म्हणून आतल्याच एखाद्याने लबाडीचा प्रोग्राम स्वतः उतरवून चालवला, तर तिचा फारसा उपयोग नाही.

यानंतर त्याने जे केले ते मी मागितले नव्हते, आणि या सेवेतली माझ्या मते सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे. खात्यांच्या यादीत माझ्या खात्याशिवाय आणखी एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते होते, विक्रेत्याने यंत्र तयार करताना केलेले, ज्याचा पासवर्ड मला कधीच दिला गेला नव्हता. त्यात कोणाच्या फाइल नाहीत याची खात्री करून त्याने ते काढले. मग रोजच्या वापरासाठी साधे खाते आणि फक्त बदल करायचे असतील तेव्हासाठी वेगळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते अशी विभागणी करून दिली, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा खुर्ची माझ्याकडे सरकवून स्वतः खिडकीबाहेर पाहत उभा राहिला. केलेले सगळे बदल त्याने माझ्या हिशेबाच्या वहीत तारखेसह मराठीत लिहून दिले.

आता तक्रारी. पहिली तक्रार लहान नाही. कुलूप काढल्यावर त्याने जुन्या कंपनीचे नियम नकोत म्हणून फायरवॉल पूर्ण मूळपदावर आणली, जे योग्यच होते. पण त्याआधी आमच्या घरात कोणत्या गोष्टींना परवानगी लागते हे विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतल्या संगणकावरून प्रिंटर दिसेना आणि हिशेबाची सामाईक फाइल उघडेना. तोवर फायरवॉल बंदच असल्याने हे सगळे आपोआप चालत होते. फोन केल्यावर दोन दिवसांनी तो आला आणि कारण एका मिनिटात सापडले: घरचे नेटवर्क ‘पब्लिक’, म्हणजे अनोळखी सार्वजनिक जागेचे, म्हणून नोंदले गेले होते. ते ‘प्रायव्हेट’ करून फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला तेवढ्याच प्रोफाइलमध्ये परवानगी दिली, पब्लिकमध्ये दिली नाही, आणि काम सुरळीत झाले. या दुसऱ्या फेरीचे त्याने २०० रुपये घेतले. स्वतःच्या राहून गेलेल्या प्रश्नाचे पैसे त्याने घ्यायला नको होते, असे मी त्याला तिथेच सांगितले. तो हसला, पण पैसे परत केले नाहीत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चौथ्या दिवशी अ‍ॅपची यादी सहज चाळत असताना दूरून संगणक हाताळण्याचे एक अ‍ॅप मला दिसले, आणि ते माझी परवानगी न घेताही जोडता येईल अशा पद्धतीने बसवलेले होते. ते त्याने पहिल्या दिवशी टाकले होते. फोनवर काही अडले तर भुसावळहून पाहता यावे, हा त्याचा हेतू असावा असे मी मानतो, आणि विचारल्यावर त्याने लपवाछपवीही केली नाही. दुसऱ्या फेरीत माझ्यासमोर ते काढले आणि चूक मान्य केली. पण ज्या माणसाने विक्रेत्याचे छुपे खाते काढले, त्यानेच स्वतःची एक खिडकी उघडी ठेवावी, हे मला खटकले आणि अजून खटकते. ज्यांना अशी दूरची मदत हवी असेल त्यांनी ती दर वेळी आपण स्वतः ‘हो’ म्हटल्यावरच सुरू होईल अशी मागावी, आणि काम झाल्यावर अ‍ॅपची यादी त्याच्यासमोर एकदा पाहून घ्यावी.

एकूण खर्च असा झाला: घरी येण्याचे ३००, कामाचे ७००, दुसऱ्या फेरीचे २००. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली तर मिळते. आठशेचा फॉर्मॅट यापेक्षा स्वस्त पडला असता, पण त्यात माझ्या हिशेबांची प्रत कोण काढणार हे कोणी बोललेले नव्हते, आणि छुप्या खात्याविषयी तर मला कधी कळलेच नसते. ज्यांच्या यंत्रावर अजून काहीच साठवलेले नाही, त्यांनी मात्र कंपनीची नोंद सुटलेली आहे एवढी खात्री करून घेऊन स्वच्छ नवे विंडोज टाकून घेणेच सोयीचे, असे तो स्वतःही म्हणाला.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट बजावली, ती इथे लिहून ठेवतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. आमच्या यंत्राचा प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असल्याने त्यावर विंडोज ११ चढते, आणि ते त्याने पुढच्या फेरीसाठी ठेवले आहे. आधी कुलूप काढले आणि मग आवृत्ती बदलायची, हा क्रम त्याने मुद्दाम धरला, कारण जागच्या जागी वरची आवृत्ती चढवली तर जुनी धोरणेही सोबत जाऊ शकतात. त्या फेरीला मी त्याला बोलावणार आहे. फक्त या वेळी प्रिंटरची आणि सामाईक फाइलींची यादी मी आधीच वहीत लिहून ठेवली आहे.

ज्यांना त्याच्याकडे यंत्र घेऊन जायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच: उन्हाळ्यात दुपारी एक ते साडेचार दुकान बंद असते, फोन संध्याकाळी सातनंतर उचलला जातो, आणि खरेदीची पावती सोबत नसेल तर तो संगणक सुरूही करत नाही.